कपाटातल्या कॅसेटचं लेबल

३ मार्च, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. संग्राहक मंडळाच्या अध्यक्षांचा तसा आग्रहच आहे. "नोंदी नसलेला संग्रह म्हणजे नुसती अडगळ," असं ते म्हणाले. आमच्या हिच्या मते नोंदी ठेवल्या तरी ती अडगळच. पण हे ती हसत म्हणाली, म्हणून सोडून दिलं.

तर, खालच्या पुढच्या खोलीत जुन्या व्हिडिओ गेमचं छोटंसं प्रदर्शन मांडायचं नक्की झालं. उद्घाटन मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, अध्यक्षांच्या हस्ते. मागे पोट सुटलेला जुना टीव्ही मिळाला. यंत्र माझंच, लहानपणचं. कॅसेटी मात्र मोठेपणी गोळा केलेल्या. दुःख एकच, ते म्हणजे लेबलं. आतून कॅसेट ठणठणीत, खेळ झटकन सुरू होतो, आणि वरचं लेबल बघवत नाही. कुठे रंग उडालेला, कुठे कोपरा वर आलेला, कुठे चित्रातल्या शूरवीराचं नाकच गायब. प्लास्टिकला काही होत नाही आणि कागद तेवढा म्हातारा होतो. का होतो? याचा छडा लावायचाच. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली आहेत. बारीक बघणं हा माझा धंदाच आहे.

५ मार्च, बुधवार

पुढच्या खोलीला लागूनच बाबांची खोली आहे. जिना चढायला नको म्हणून त्यांना खाली ठेवलं. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात नीट चालत नाही. घड्याळजी माणूस. ज्या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली त्या बोटांना आता शर्टाचं बटण लागत नाही. रोज सकाळी मी लावून देतो. तेवढा वेळ ते छताकडे बघत राहतात. आज मीही वर बघितलं. कोपऱ्यात कोळिष्टकं झाली आहेत. रविवारी छत झाडून घ्यायला हवं.

ही रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. शेकडो लोकांचे हात तिनं चालते केले, पण घरात तिचं काही चालत नाही. बोटांच्या व्यायामासाठी तिनं बाबांना स्पंजचा चेंडू आणून दिला. बाबांनी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला. तिनं धुऊन परत दिला, यांनी परत टाकला. "मी काय कुत्रा आहे का सूनबाई, चेंडू घेऊन बसायला?" म्हणाले. ही म्हणते, बोटं अशीच पडून राहिली तर कायमची जातील, आता हातात फार महिने नाहीत. मला काळजी वाटते. पण बाबांना कोण सांगणार?

८ मार्च, शनिवार

प्रयोग सुरू! एका बंद पडलेल्या दुकानातून मला विमानाच्या खेळाच्या पाच कॅसेटी मिळाल्या होत्या, पाची अगदी सारख्या. लेबलावर लाल विमान, निळं आकाश, खाली पूल. त्या पाच ठिकाणी ठेवल्या. एक खिडकीत उन्हात. एक स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर. एक न्हाणीघरात. एक बोळातल्या उघड्या मांडणीवर. आणि पाचवी पुढच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, सुती फडक्यात गुंडाळून, पूर्ण अंधारात. ही पाचवी माझी आदर्श कॅसेट. तिला काही होणार नाही, आणि बाकीच्यांना काय काय होतं ते तिच्याशी ताडून बघायचं.

कपाटावर पाटी लावली, "कृपया हात लावू नये". हिनं ती वाचली आणि विचारलं, "अहो, घरातल्यांनाही का?"

"घरातल्यांना आधी," मी म्हणालो.

तिनं बाबांच्या दाराकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. इतक्या सहज ती माझं कधी ऐकत नाही.

१६ मार्च, रविवार

छत झाडलं. मान अवघडली. बाबा खुर्चीत बसून बघत होते. "हे काय चाललंय?" म्हणाले. म्हटलं, तुमच्या नजरेला खुपत होतं ना! त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, बहुधा कौतुकानं.

नंतर चहा घेताना त्यांनी अचानक विचारलं, "तुझ्या त्या यंत्राला वीज किती लागते रे?" म्हटलं, दिव्याएवढी. "मग ठीक," म्हणाले. विजेच्या बिलाची चिंता त्यांना अजून आहे. बरं वाटलं. हेच यंत्र माझ्या परीक्षेच्या वर्षी त्यांनी आपल्या घड्याळांच्या दुकानातल्या कपाटात कुलूपबंद केलं होतं. "असल्या खेळांनी बोटं बिघडतात," हे त्यांचं तेव्हाचं मत. मी वर्षभर रुसलो होतो.

२४ मार्च, सोमवार

पहिली निरीक्षणं.

खिडकीतली: लाल विमान गुलाबी पडायला लागलं, निळं आकाश मात्र जसंच्या तसं. म्हणजे ऊन आधी लाल रंग खातं. दुकानातल्या जाहिरातींचंही हेच होतं. त्यातल्या बाईचे ओठ पहिल्यांदा जातात आणि चष्म्याची निळी फ्रेम शेवटपर्यंत राहते.

न्हाणीघरातली: कोपरा वर आला. वाफेनं कागद फुगतो, वाळला की आकसतो, आणि या ओढाताणीत गोंद हात टेकतो.

शेगडीवरची: बोट लावलं की चिकट. तेलकट वाफ बसते, तिच्यावर धूळ बसते, आणि पुसायला गेलं की रंगही सोबत येतो.

बोळातली: नुसती धूळ. फुंकर मारली, साफ.

आता कपाटातली. इथे मी चक्रावलो. लेबलाची वरची कड खरबरीत झाली आहे! गुळगुळीत पापुद्रा गेला आहे आणि कागदाची लव निघाली आहे. अंधारात, फडक्यात, कुणाचा हात लागत नसताना! बाबांना विचारलं, दुपारी खोलीत उंदीर वगैरे खुडबुडतो का? "मी झोपलेला असतो," ते म्हणाले.

टीव्हीचं पोट गरम लागलं. खोलीत ऊन फार येतं. पडदा लावायला हवा.

२ एप्रिल, बुधवार

एक नवंच लचांड. कपाटातली कॅसेट चालते का ते बघावं म्हणून यंत्रात घातली. या खेळात आतल्या छोट्या बॅटरीवर सर्वांत जास्त गुणांची यादी टिकून राहते, आणि प्रत्येकानं आपली तीन अक्षरं टाकायची असतात. यादी रिकामी होती, मीच पुसली होती. आता तिच्यात वरून खालपर्यंत ए ए ए, ए ए ए, ए ए ए! मध्येच एक ए ए बी. अक्षरं न बदलता नुसतं बटण दाबत गेलं की ए ए ए येतं. म्हणजे बॅटरी मरायला टेकली आहे आणि आपोआप काहीबाही लिहिते आहे.

शिवाय लेबलाला लिंबाचा वास येतो. हिला हुंगायला दिलं. आज तिची दुपारची सुट्टी होती, ती घरीच होती. "मला नाही येत," म्हणाली. तिला कसा येणार? रुग्णालयात सारखे हात धुवून भेगा पडतात म्हणून ती स्वतःच लिंबाच्या वासाची क्रीम चोपडून असते. माझ्या मते तो जुन्या गोंदाचा वास असावा.

अध्यक्षांना फोन केला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "अंधाराचा बॅटरीवर आणि लेबलावर परिणाम! हे कुणीच लिहिलेलं नाही. तुम्ही निबंध लिहा. उद्घाटनाला वाचू." मी तर हरखूनच गेलो.

९ एप्रिल, बुधवार

बाबांची काळजी वाटते. सकाळी डुलकी लागलेली असताना पुटपुटत होते, "तिसऱ्या पुलाखालून डावीकडे... आता वर, वर." उठल्यावर विचारलं तर म्हणाले, "स्वप्न पडलं." आयुष्य एका जागी बसून गेलं त्यांचं. कुठले पूल आणि कुठलं काय? डोक्यावर तर परिणाम नसेल? हिला सांगितलं तर तिला चहाचा असा ठसका लागला की पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या. सासऱ्यांवर जीव आहे तिचा.

एक गोष्ट चांगली. रात्री जेवताना बाबांनी सूपचा चमचा उजव्या हातात धरला. अर्धं सूप ताटलीत, अर्धं तोंडात, पण धरला. मालिशचं तेल बदललं त्याचा हा गुण. हल्ली ते स्वतःच मागून घेतात, दुपारी जेवणानंतर दोन्ही तळव्यांना चोळतात. चेंडूपेक्षा तेल बरं, असं मी हिला म्हणालो. "तेलाचाच गुण," ती म्हणाली आणि तोंड फिरवून भांडी आवरायला लागली.

१३ एप्रिल, रविवार

दुकानातलं मोठं भिंग घरी आणलं आणि कपाटातली कॅसेट नीट तपासली. लेबलाच्या वरच्या उजव्या बाजूला अंगठ्याएवढा डाग आहे. डाग म्हणजे तिथला कागद पारदर्शक झाल्यासारखा, तेलकट. तिथून खालचं प्लास्टिक दिसतं. लाल विमानाची शेपटी पार गेली. माझा निष्कर्ष असा, की अंधारात गोंद वाळत नाही, उलट पातळ होऊन कागदातून वर झिरपतो. डाग नेमका अंगठ्याच्या आकाराचा का, याला अजून उत्तर नाही. योगायोग असणार.

हिनं भिंगातून डाग बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही लोकांना चष्मे देता ना?"

"म्हणजे?"

"काही नाही. निबंध छान होईल."

१९ एप्रिल, शनिवार

निर्णय घेतला. शेपटी गेली, आता पंख जायची पाळी आहे. हे असंच चाललं तर उद्घाटनापर्यंत कोरा पांढरा चौकोन उरेल. कपाटातली कॅसेट पत्र्याच्या डब्यात घातली, डब्याला छोटं कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. बाकीच्या कॅसेटीही वर माळ्यावर नेऊन ठेवल्या. न जाणो, हा रोग पसरणारा असला तर!

डबा कपाटात ठेवताना बाबा दारात उभे होते. "किल्ली बरोबर नेणार?" म्हणाले. म्हटलं, हो, काळजीच नको. ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

विजय! संध्याकाळी डबा उघडून बघितलं. लेबल तसूभरही बिघडलेलं नाही. आठवडा होत आला. लिंबाचा वाससुद्धा गेला. निबंधात लिहिलं, "अंधार घातक, परंतु पत्रा तारक." अध्यक्षांना हे वाक्य फार आवडलं.

घरात मात्र सगळ्यांची तोंडं उतरलेली. बाबांनी चमचा परत डाव्या हातात घेतला. तेलाची बाटली तशीच पडून आहे. सकाळी बटणं लावताना हात असा सैल सोडून उभे राहतात की बाही घालणंही अवघड. छतावर आता एकसुद्धा कोळिष्टक नाही, तरी बघतात वरच. मी विचारलं, बाबा, बरं नाही का? "मला काय होतंय," म्हणाले. सगळं सुधारत असताना एकदम काय झालं?

ही म्हणते, "ते कुलूप काढा."

"कुलपाचा काय संबंध?"

"मी शब्द दिलाय, मला सांगता येत नाही. तुम्ही नुसतं काढा."

कुणाला शब्द दिला, कशाचा दिला, काही सांगेना. म्हटलं, उद्घाटन झालं की काढतो. त्यावर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. विज्ञानात घरच्यांची साथ मिळत नाही हे अध्यक्ष म्हणतात तेच खरं.

३० एप्रिल, बुधवार

आज काय घडलं ते नीट क्रमानं लिहितो, कारण अजून मन जागेवर नाही.

दुपारी दुकानात लक्षात आलं की माझा जवळचा चष्मा घरी राहिला. चष्म्याच्या दुकानातला माणूस चष्मा विसरला, म्हणून मालक पोट धरून हसले आणि म्हणाले, जा, घेऊन ये. घरी आलो. ही बाजारात गेली होती. पुढच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि आतून विमानाची घरघर येत होती.

आत बाबा होते. समोर टेबलावर टॉवेल पसरलेला, त्यावर घड्याळाची हत्यारं मांडलेली, बारीक चिमटा आणि त्याहून बारीक स्क्रू-ड्रायव्हर. आणि माझं कुलूप. फोडलेलं नाही, उघडलेलं. शेजारी तेलाची बाटली. बाबा टीव्हीसमोर खुर्चीत पुढे वाकून बसले होते, दोन्ही हातांत यंत्राचा बटणांचा कंट्रोलर, आणि उजवा अंगठा, तो मेलेला अंगठा, टकटक टकटक चालला होता. पडद्यावर लाल विमान पहिल्या पुलाखालून गेलं, दुसऱ्या पुलाखालून गेलं. मी दारातच उभा. तिसऱ्या पुलाशी बाबा स्वतःच अख्खे डावीकडे कलले, खुर्चीसकट. विमान पार झालं.

"वर, वर!" माझ्याच तोंडून निघालं.

विमान डोंगरावर आदळलं. बाबांनी मागे बघितलं. लहान मुलाला साखरेच्या डब्याशी पकडावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"दुकान लवकर बंद झालं?" ते म्हणाले.

"चष्मा विसरलो."

"कुलूप जरा अडकत होतं. बघत होतो."

"बाबा, ते कुलूप तुम्ही या हातानं उघडलंत?"

त्यांनी हाताकडे बघितलं, जणू त्यांनाही तेव्हाच कळलं. "चार दिवस लागले," म्हणाले. "पहिले दोन दिवस चिमटाच पडत होता."

मी कॅसेट यंत्रातून ओढून काढली. माझा अंगठा आपोआप त्या पारदर्शक डागावर गेला आणि बरोबर बसला. कॅसेट काढायची तर बोट तिथेच जातं, दुसरीकडे कुठे जाणार? तेल चोळायचं, खेळायचं, अंगठ्यानं ओढून काढायची, फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायची. रोज. गोंद नाही, अंधार नाही, काही नाही.

"लेबल खराब झालं तुझं," बाबा म्हणाले. "सूनबाईनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, हात पुसून घ्या. पण तेल लावलं की बोटं सुटतात, आणि मग पुसायला कोण थांबतं?"

"मला का नाही सांगितलंत?"

ते बराच वेळ टॉवेलवरची हत्यारं सरळ करत बसले. उजव्या हातानं.

"तुझं हेच यंत्र मी कुलपात घातलं होतं. कुठल्या तोंडानं मागू? आणि जमलं नसतं तर? तुला कळलं असतं, तू रोज विचारलं असतंस." मग म्हणाले, "सकाळी तू माझी बटणं लावतोस ना, तेव्हा मला तुझ्याकडे बघवत नाही रे. ते एकदाचं बंद करायचं होतं."

मी छत झाडलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसता शिंकल्यासारखा आवाज केला. बाबा म्हणाले, "चष्मा घे आणि जा, मालक वाट बघत असतील." मी गेलो नाही. कंट्रोलर हातात घेतला आणि म्हटलं, मला तिसरा पूल शिकवा.

संध्याकाळी हिनं आम्हाला दोघांना एकत्र बघितलं आणि दारातच पिशव्या खाली ठेवून बसली. "सुटले मी!" म्हणाली.

१ मे, गुरुवार

सगळं उलगडलं. फक्त त्या यादीतला ए ए बी कुणाचा, ते कळत नाही. बाबांना विचारलं. "माझा नाही. मी फक्त ए ए ए." मग लिंबाच्या वासाचं विचारलं. "मी तेल लावतो, मला लिंबाचं काय ठाऊक?" हिला विचारलं तर म्हणाली, "बॅटरी असेल." तेच असणार. या यादीत ए ए बी आता पहिल्या नंबरावर आहे, आणि बाबा त्यावर भलतेच चिडले आहेत. एवढं काय बॅटरीवर चिडायचं?

४ मे, रविवार

झालं उद्घाटन! खोलीत उभं राहायला जागा नव्हती. निबंध मी फाडला होता, अध्यक्षांना न सांगता. उभा राहिलो आणि सांगितलं की ऊन लाल रंग खातं, वाफ गोंद सोडवते, तेलकट हवा धूळ धरून ठेवते. आणि कपाटातली कॅसेट फिरवून दाखवली. आता पंखही गेले आहेत, उरला आहे तो निम्मा पूल. म्हटलं, हिचं लेबल आमच्या घड्याळजींच्या अंगठ्यानं नेलं, आणि त्याच्या बदल्यात त्यांचा अंगठा परत दिला. अंधाराचा यात काहीही दोष नाही, मी अंधाराची जाहीर माफी मागतो. लोक हसले. अध्यक्ष खोकले.

पाटी बदलली आहे. "हात पुसून खेळावे." अध्यक्षांनी हात पुसले, बाबांशी खेळले, आणि पहिल्याच पुलावर आदळले. परत खेळले, परत आदळले. जाताना म्हणाले, "यंत्रात काहीतरी दोष आहे, नोंद करून ठेवा." केली नाही.

सकाळचं लिहायचं राहिलंच. नेहमीप्रमाणे बटणं लावायला बाबांच्या खोलीत गेलो. ते शर्ट घालून पलंगावर बसलेले. सगळी बटणं लावलेली. फक्त एक काज चुकलं होतं, त्यामुळे शर्टाची एक बाजू वर, एक खाली आणि कॉलर मानेशी तिरकी. बाबा छताकडे बघत नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होते.

माझा हात पुढे गेला होता. तो मी मागे घेऊन खिशात घातला आणि म्हणालो, "चला बाबा, लोक यायला लागले." दिवसभर ते तसेच मिरवले, आणि एवढ्या माणसांत त्यांना कुणीही काही बोललं नाही. हिनं दारातच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं म्हणे. फोटो आले आहेत, प्रत्येकात कॉलर तिरकी. सगळ्यांत छान बाबाच आले आहेत.